मिक्समध्ये पार्टी कुठं गेली?

पत्र थोडक्यात असं: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत, एका तिशीतल्या तरुणाचा छोटा स्टुडिओ आहे. आठ वर्षांपासून तो डीजेची गाणी, लग्नाची गाणी आणि भीमगीतं करतो. एप्रिलमध्ये त्याला जेवायला फुरसत नसते. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कव्वाल पार्टीनं उरुसासाठी अकरा मिनिटांची कव्वाली त्याच्याकडं रेकॉर्ड केली. सगळे एकत्र बसून गायले, आठ माइक लावले, चार हजार आगाऊ मिळाले. यानं मिक्स करताना, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र जुळवताना, आठही ट्रॅक कापून मेट्रोनोमच्या ग्रिडवर (ठरावीक लयीच्या चौकटीवर) बसवले, खाली किक (यंत्रातल्या ढोलाचा ठोका) आणि बेस घातला, मुख्य गायकाला ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) लावलं, टाळ्या 'कडकड वाजतात' म्हणून कमी केल्या आणि मुखडा फार वेळा येतो म्हणून अकरा मिनिटांची सात केली. पार्टीच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे खांसाहेब म्हणतात, डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "बेटा, आवाज तो अच्छा है. पर हमारी पार्टी किधर गई?" वाचक विचारतो: "मला उर्दू येत नाही, कव्वाली कधी मन लावून ऐकलेली नाही, घरात कुणी त्यातलं नाही. पैसे परत करू, पुण्याला कुणाकडं पाठवू, की कव्वालीचं एखादं तयार प्रीसेट (आधीच लावून ठेवलेलं सेटिंग) मिळतं? उरुसाला पाच आठवडे आहेत."

भाऊ, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य खांसाहेबांचं आहे. तुम्ही ते नकार म्हणून ऐकलंत. मी ते तीन-चारदा वाचलं, मला त्यात नकार सापडला नाही. आवाज चांगला आहे असं ते आधी म्हणाले. म्हणजे माइक नीट लागले होते, खोली फार घुमत नव्हती, कुठं फाटलं नाही. हे आठ वर्षांच्या कामाचं फळ आहे आणि ते तुमच्या खात्यावर जमा आहे. त्यानंतर त्यांनी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर शोधायचं सोडून तुम्ही आगाऊ घेतलेली रक्कम मोजायला बसलात.

तो प्रश्न शब्दशः घ्या. ज्या गाण्यांवर तुमचा हात बसलाय, तिथं एक गायक पुढं असतो आणि बाकी सगळं मागं 'म्युझिक' असतं. कोरस आला तरी चवीपुरता, दोन्ही बाजूंना पसरून रिव्हर्बमध्ये (कृत्रिम घुमाऱ्यात) बुडवलेला. कव्वालीत मांडणीच निराळी. मुख्य कव्वाल मिसरा (शेराची एक ओळ) टाकतो, शेजारी बसलेला तो झेलतो, आणि मागची रांग टाळीसकट तो उचलून परत त्यांच्या अंगावर फेकते. या मागच्या मंडळींना हमनवा म्हणतात, स्वरात स्वर मिळवणारे. आपल्याकडचे शाहिराचे झीलकरी आठवा. झीलकऱ्यांनी 'जी रं जी' धरलं नाही तर शाहिराला दम घ्यायला जागा राहत नाही, पोवाड्याची हवाच निघून जाते. तुम्ही हमनव्यांना कोरस समजून मागं ढकललं, टाळ्या दाबल्या आणि त्या रिकाम्या जागेत किक आणून ठेवली. खांसाहेबांना तुमच्या स्पीकरमधून ते स्वतः एकटेच ऐकू आले, कुठल्या तरी परक्या माणसांच्या वाजवण्यावर गाताना. असं ऐकल्यावर कुणीही आपली माणसं शोधणारच.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. मीही हेच करून बसलोय, फक्त वाद्य वेगळं होतं. बरीच वर्षं झाली, धाराशिवकडची आराधी मंडळी देवीची गाणी घेऊन माझ्याकडं आली होती. संबळ, झांज, तुणतुणं आणि तीन आवाज. मी तोवर सगळी भावगीतं आणि जाहिराती केलेल्या. तुणतुण्याचा तो एकाच सुरातला 'टुंग टुंग' मला गायकाच्या माइकमध्ये शिरलेला कचरा वाटला. मी गेट लावलं. गाणारा थांबला की माइक बंद, गायला लागला की चालू. आवाज एकदम स्वच्छ झाला, मी खूश. मंडळींतल्या म्हाताऱ्या बाईंनी ऐकलं आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "तार तुटली व्हय रं?" मला वाटलं स्पीकरची वायर. त्यांना तुणतुण्याची तार म्हणायची होती. गाणारा श्वास घ्यायला थांबतो तेव्हा ती तारच गाणं धरून ठेवते, आणि नेमकं तेवढंच मी कापून टाकलं होतं. त्या दिवशी मला गेट कसं वापरतात ते येत होतं. गाणं कशावर उभं आहे ते येत नव्हतं.

आता तुमचं दुसरं म्हणणं: ही कव्वाली माझी नाही, मी त्यातला नाही. इथं मला तुम्हाला जरा अडवायचंय. आठ वर्षं भीमगीतं मिक्स केलेला माणूस असं म्हणतो तेव्हा, राग मानू नका, मला हसू येतं. भीमगीतांचे जे सामने रात्र रात्र रंगायचे ते कव्वालीच्याच थाटाचे. दोन पार्ट्या समोरासमोर, हार्मोनियम, ढोलक, टाळ्या, एकानं सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं जवाब द्यायचा. प्रल्हाद शिंदे (१९३३ ते २००४) यांचा तो चढा, उघडा आवाज भक्तिगीतात, भीमगीतात आणि कव्वालीत तिन्हीकडं भेटतो. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांची गाणी गाणारी एखादी जुनी पार्टी तुमच्या जिल्ह्यात अजूनही असेल. त्यांची जुनी कॅसेट मिळवा आणि फक्त टाळ्या ऐका. तुमच्या कानाला ते घर ओळखीचं वाटेल.

आणि मराठवाड्याचं म्हणाल तर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आपल्या आजोबांच्या पिढीची दफ्तरं उर्दूत होती. खुलताबादला निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. ते १३३७ मध्ये वारले आणि समा ऐकण्याचा त्यांना फार ओढा होता. समा म्हणजे ज्या श्रवणाच्या बैठकीतून कव्वालीची रीत वाढली ती. सिराज औरंगाबादी (१७१५ ते १७६३) हा कवी तर नावातच आपला. त्याची एक गझल आजही भारत-पाकिस्तानातले कव्वाल आवडीनं गातात. इतिहास मिक्स करत नाही हे खरं, पण 'हे बाहेरचं आहे' असं मनात धरून बसलेला हात फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या दांडीवर) कचरतो. तो कचरायला नको एवढ्यासाठी हे सांगितलं.

उर्दू येत नाही ही अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यावर उपायही सोपा. खांसाहेबांकडून सगळे बोल देवनागरीत लिहून घ्या, प्रत्येक शेराचा अर्थ त्यांच्याच तोंडून ऐका आणि वहीत उतरवा. कुठल्या शब्दावर त्यांचा जीव आहे ते विचारा. तो शब्द ऐकू आला नाही तर बाकी सगळं मिक्स फुकट. शिवाय यातून एक गोष्ट आपोआप कळेल, तुमची सात मिनिटं कुठं चुकली ती.

मुखडा 'फार वेळा येतो' असं तुम्ही लिहिलंय. त्या परत परत येण्याला कव्वालीत तकरार म्हणतात. एकच ओळ घोळवायची, दर खेपेला एखादा शब्द वेगळ्या जागी दाबायचा, ऐकणाऱ्याच्या काळजाला ती लागेपर्यंत. मध्येच मुख्य गायक दुसऱ्याच रचनेतला एखादा शेर आणून गाठ मारतो, त्याला गिरह म्हणतात, आणि मग मुखड्यावर उडी घेतो. ती उडी कळायला आधी मुखडा कानात पुरता भिनलेला लागतो. काल्याच्या कीर्तनात शेवटचा गजर चढत जातो तेव्हा 'विठ्ठल विठ्ठल चारदा झालं, आता पुरे' असं कुणी म्हणतं का?

तुमच्यासारखी चूक फार मोठ्या माणसांकडूनही झालीय, म्हणून जास्त मनाला लावून घेऊ नका. नुसरत फतेह अली खान यांचा 'मस्त मस्त' हा अल्बम १९९० मध्ये आला. तो घडवला कॅनडाच्या मायकेल ब्रूक यांनी. त्यांनी गायनाचे तुकडे कापून-जोडून गाणी बांधली, आणि त्यातल्या काही जागा नुसरतना मान्य झाल्या नाहीत. कुठं ओळ मधोमध कापल्यानं शब्दांचा अर्थच गेला होता, तर कुठं नुसती सरगम असूनही वाक्य अर्धवट तुटलं होतं. भाषा न कळणाऱ्याला सरगमही वाक्य असते हे कसं कळावं? विचारूनच. तो अल्बम पुढं जगभर गाजला.

प्रीसेटचं एका वाक्यात सांगतो: 'कव्वाली' नावाचं प्रीसेट कुणी विकत असेल तर त्यानं तुमची आठ माइकची खोली, तुमचा ढोलकवाला आणि तुमचे खांसाहेब ऐकलेले नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची? जुनं मिक्स बाजूला ठेवा, पुसू नका, आणि मूळ रेकॉर्डिंग नव्यानं उघडा. एकही प्लगइन (इफेक्ट देणारं सॉफ्टवेअर) न लावता आठही माइक सारख्या लेव्हलला ठेवून अकरा मिनिटं सलग ऐका. फोन बंद, दुकानाचं शटर अर्धं खाली. पुन्हा ऐका, पण यावेळी एकेक माइक बंद करत. कुठला माइक बंद केल्यावर आवाज सुधारतो ते लिहून ठेवा. एकत्र बसून गायलेल्या रेकॉर्डिंगात असा एखादा माइक बहुधा निघतो, आणि तो मिक्समधून वगळणं हे तुमचं पहिलं आणि सगळ्यात स्वस्त काम.

मग टाळ्या. यावर मी जरा रेंगाळतो, कारण तुमची पार्टी इथंच हरवलीय. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जेमतेम तीन मिलिसेकंद. टाळ्यांची रांग खांसाहेबांच्या माइकपासून दोन मीटर मागं बसली असेल, तर तीच टाळी रांगेसमोरच्या माइकमध्ये आधी आणि खांसाहेबांच्या माइकमध्ये सुमारे सहा मिलिसेकंद उशिरा पोचते. दोन्ही माइक मिसळले की त्या टाळीतले काही सूर एकमेकांना खातात आणि ती पातळ, पत्र्यासारखी वाजते. तुम्हाला 'कडकड' वाटली ती हीच असणार. तुम्ही फेडर खाली घेतला, पण दुखणं लेव्हलचं नव्हतंच. टाळ्यांचा ट्रॅक पाच-सहा मिलिसेकंद उशिरा वाजेल असा सरकवून बघा. ४८ हजारच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार तुकडे) हे २८० सॅम्पलच्या आसपास येतं. सोबत फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण दाबून दोन्ही प्रकारे ऐका आणि ज्यात टाळी अंगात भरते ते ठेवा. आठही माइक असे तंतोतंत जुळणार नाहीत, त्याच्या मागं लागू नका. खांसाहेब आणि टाळ्या, ही एक जोडी जुळली तरी खोली जागी होते.

टाळ्यांवर घाईचा कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा इफेक्ट) लावू नका. टाळीचा जीव तिच्या पहिल्या क्षणात असतो आणि झटपट अटॅक, म्हणजे लगेच सुरू होणारा दाब, नेमका तोच चेपतो. अटॅक २०-३० मिलिसेकंदांवर ठेवा, दाब हलकाच. डावीकडं-उजवीकडं थोडं पसरायचं तर रांग बसली होती तेवढंच.

हार्मोनियम आणि गळा एकाच गल्लीत राहतात, धक्काबुक्की होणारच. तुम्ही हार्मोनियम सरसकट खाली घेतली असेल, सगळेच घेतात. त्याऐवजी खांसाहेब गात असताना तिच्यात एक-दोन किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा, आणि ओळ संपून ती एकटी फिरते तिथं फेडर हातानं वर न्या. हो, हातानं. अकरा मिनिटं फेडरवर बोट ठेवून बसायचं. डीजेच्या गाण्यात एकदा लेव्हल लावली की झालं, इथं तसं होत नाही. हमनवा ओळ उचलतात तेव्हा त्यांना खांसाहेबांच्या बरोबरीला आणा, गरज पडली तर क्षणभर वरही. खांसाहेबांना त्याचा राग येणार नाही, उलट बरं वाटेल.

ऑटोट्यून काढा. एक तर मींड आणि मुरक्या दोन सुरांच्या मधल्या जागेत राहतात आणि यंत्र त्यांना जवळच्या पायरीवर उभं करतं. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं: खांसाहेबांच्या माइकमध्ये हार्मोनियमही शिरलेली आहे. गळा ओढला की तीही ओढली जाते, आणि दुसऱ्या माइकमधल्या हार्मोनियमशी तिचं भांडण लागतं. तुमच्या मिक्समध्ये कुठं हार्मोनियम आजारी वाटत असेल तर कारण हेच.

ग्रिडचंही तसंच. कव्वाली संथ सुरू होते आणि चढत जाते, तो चढ हीच तिची बांधणी. तुमच्याच मूळ रेकॉर्डिंगात दर मिनिटाला टॅप करून लय मोजा आणि आकडे एकाखाली एक लिहा. मग तुमच्या ग्रिडवर बसवलेल्या मिक्सचे मोजा. दुसऱ्या यादीत सगळीकडं एकच आकडा दिसेल. ढोलकवाल्यानं दहा मिनिटं घाम गाळून जो डोंगर चढला, तो तुम्ही बुलडोझर लावून सपाट केला.

किकबद्दल मला वाद घालायचा नाही, ती जाईल. ढोलकच्या बायाचा (खर्जाच्या बाजूचा) घुमारा आणि तुमची किक एकाच जागी खाली बसतात आणि किक दांडगी असते. ढोलक फोनवर पोकळ वाटली तर किक आणण्याऐवजी तिच्यावर किंचित सॅच्युरेशन (आवाजात वरचे सूर मिसळणारा इफेक्ट) द्या. फोनचा बारका स्पीकर खालचा घुमारा वाजवूच शकत नाही, त्याला त्या घुमाऱ्याचे वरचे सूर लागतात.

रिव्हर्ब घालताना दर्ग्याचा घुमट डोळ्यांसमोर येतो, मला माहीत आहे. एक बेताचा घाला, प्रीडिले (घुमारा सुरू होण्याआधीचा वेळ) तीस-चाळीस मिलिसेकंद ठेवा, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमट मागून येतो. आणि मास्टरवर, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजावर, तो जयंतीच्या डीजे गाण्यांचा लिमिटर (आवाज दाबून मोठा करणारा इफेक्ट) लावू नका! यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठ्या आवाजाचं गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा जाणवतो त्याचं माप) आसपास आणून ठेवतात. दाबून मोठं केलेलं तिथं पुन्हा लहानच होणार आणि शेवटच्या तीन मिनिटांचा जोर मात्र कायमचा गेलेला असणार.

एक बारीक गोष्ट राहिली. तुम्ही लिहिलंय की रेकॉर्डिंगच्या मध्यात लाइट गेली आणि पुढचं इन्व्हर्टरवर केलं. तिथून पुढं ५० हर्ट्झची घूं आणि तिच्या पटीतले १००, १५० ऐकू येतील. तेवढ्याच ठिकाणी अगदी अरुंद काप द्या आणि तोही लाइट गेल्यानंतरच्या भागात. सगळ्या गाण्यावर दिला तर ढोलक अशक्त होईल. पुढच्या वेळी इन्व्हर्टर माइकच्या वायरींपासून लांब ठेवा, हे आपलं जाता जाता.

हे वाजणार कुठं, याचा विचार केलात का? यूट्यूबवर चढेल ते खरं, पण उरुसात ते खांबावरच्या भोंग्यांतून वाजेल. भोंगा म्हणजे एकच वाहिनी, त्यात खोल बेस नाही की वरची चमक नाही. म्हणून मिक्स मोनो करून, खालचं आणि वरचं छाटून, हळू आवाजात ऐका. त्यात शेराचे शब्द आणि टाळी दोन्ही कळाले तर काम झालं. तुलनेसाठी दुसऱ्या कुणाची कव्वाली लावाल तेव्हा दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. एखाद-दोन डेसिबल मोठं असलं तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो, आणि मग आपण उगीच आपल्याच मिक्सला शिव्या घालतो.

आता तुमचे पर्याय. पैसे परत करणं प्रामाणिक वाटतं, पण पाच आठवडे हातात असताना आणि मूळ रेकॉर्डिंग चांगलं असताना ते प्रामाणिकपणापेक्षा धास्तीचं लक्षण आहे. पार्टीला उरुसाच्या तोंडावर दुसरा स्टुडिओ शोधावा लागेल, त्यात त्यांचंच नुकसान. पुण्याला पाठवण्यात काही कमीपणा नाही, मीही पाठवतो. फक्त पाठवाल त्यानं कव्वाली केलेली आहे का ते विचारा. नाहीतर तुम्हाला जे येत नाही तेच त्यालाही येणार नाही, आणि तो खांसाहेबांना भेटलेलाही नसेल. हल्ली ट्रॅक टाकले की आपोआप मिक्स करून देणाऱ्या सोयीही आहेत. गंमत म्हणून एकदा टाकून बघा, तुमच्या मिक्सशी ताडून बघा, पण तेच खांसाहेबांना देऊ नका. त्यालाही पार्टी कुठं आहे ते माहीत नाही.

मी म्हणेन, तीन आठवडे स्वतः करा. दोन आठवडे राखीव ठेवा. तिसऱ्या आठवड्याअखेर खांसाहेब पुन्हा तेच म्हणाले तर स्टेम (आवाजांचे वेगवेगळे ट्रॅक) बाउन्स करून, म्हणजे फाइली काढून, कव्वाली जाणणाऱ्या माणसाकडं पाठवा आणि आगाऊतला अर्धा वाटा त्याला द्या. जमलं तर त्याच्या शेजारी बसून तो काय करतो ते बघा, ती शिकवणी स्वस्तात पडेल. खांसाहेबांना मात्र आजच सांगा की आधीचं मिक्स मी न विचारता कापलं, ती माझी चूक, मूळ अकरा मिनिटांचं पुन्हा करतोय, जादा पैसे नकोत. 'मला कव्वाली येत नाही' हेही सांगून टाका. त्यांना ते पहिल्या मिनिटाला कळलेलं आहे.

असंच पत्र जालन्याच्या एका मुलीचंही आलंय. ती कीर्तनं रेकॉर्ड करते आणि तिच्या मावसभावानं मेटल बँडचं गाणं आणून दिलंय. परभणीच्या एकानं उलट लिहिलंय, रॅप करणाऱ्याकडं वासुदेवाची गाणी आलीत. तुम्हाला दोघांनाही वेगळं लिहीत नाही. मेटलमध्ये तोच गिटार दोनदा वाजवून एक डावीकडं, एक उजवीकडं टाकलेला असतो. त्या भिंतीला 'गोंगाट' समजून कमी केलंत तर तुमचंही माझ्या तुणतुण्यासारखं होईल. वासुदेवाच्या गाण्यात चिपळ्यांचं काम काय आहे ते आधी गाणाऱ्यालाच विचारा. मिक्सला बसण्यापूर्वी त्या मंडळींतल्या सगळ्यात मागं बसणाऱ्या माणसाला बोलावून घ्या. मुख्य गायक स्वतःचाच आवाज ऐकतो, तो माणसाचा स्वभाव आहे. मागचा सगळ्यांना ऐकत असतो, कारण त्याला सगळ्यांना धरून चालायचं असतं.

म्हणून भाऊ, तुम्ही खांसाहेबांना बोलवू नका. ढोलकवाल्याला बोलवा. त्याला खुर्ची द्या, मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) हळू आवाजात लावा, त्याच्या हाताकडं बघत बसा. ज्या जागी त्याचा हात मांडीवर आपोआप पडेल ती जागा बरोबर आहे. जिथं थांबेल तिथं थांबून विचारा. आज फोन करा, फक्त शुक्रवार दुपारचं बोलवू नका, नमाजाची वेळ असते. आणि दुकानातल्या पोराला सांगून ठेवा, तो आल्यावर तासभर फोन दुरुस्तीला कुणाला आत पाठवायचं नाही.